हाळी कुठं अडली

हमिदाबींच्या अंगणात शाळा सुटल्यावर पोरं जमायची. त्यांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण कळंब तालुक्यातल्या त्या गावात अजूनही सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणत, कारण निम्म्या गावाला विज्ञान त्यांनीच शिकवलं होतं. या वर्गाला फी नव्हती, घंटाही नव्हती. ज्याला यायचं त्यानं यावं, फक्त येताना पाय धुऊन यावं.

त्या दुपारी त्यांनी पोरांना भिंतीलगत ओळीनं उभं केलं होतं. प्रत्येकानं शेजारच्याचं मनगट धरायचं आणि डोळे मिटायचे. बाई पहिल्या पोराचं मनगट दाबणार. ज्याचं मनगट दाबलं गेलं त्यानं पुढच्याचं दाबायचं, आणि ओळीच्या शेवटी उभ्या असलेल्या अक्रमनं आपल्यापर्यंत आलं की 'पोचली' म्हणायचं.

"पोचली," अक्रम म्हणाला.

"आता सांगा, इथून तिथवर कोण पळत गेलं?"

"कुनीच न्हाय."

"मग गेलं काय?"

समृद्धी म्हणाली, "दाब गेला, बाई."

"तुझा दाब तुझ्याच हातात राहिला, बेटा. तू फक्त पुढच्याला जागं केलंस." बाई ओट्यावर टेकल्या. "आपल्या अंगातल्या चेतातंतूंमधून निरोप असाच जातो. तंतूच्या आतही खारं पाणी असतं आणि बाहेरही. बाहेरच्या पाण्यात सोडियम जास्त, आतल्या पाण्यात पोटॅशियम जास्त. तंतूच्या सालीला अगदी बारीक दारं असतात. एक दार उघडलं की बाहेरचा सोडियम आत घुसतो, तेवढ्या जागी विजेचा भार पालटतो, आणि त्या धक्क्यानं शेजारचं दार उघडतं. मग त्याच्या शेजारचं."

"म्हंजी काट्यावर पाय पडला तर ही समदी दारं उघडंस्तोवर म्या काट्यावरच हुबा?" अक्रम म्हणाला. "पाय सडून जाईल की."

पोरं हसली. बाईही हसल्या.

"बरोबर विचारलंस. म्हणून तर घाईचा निरोप नेणाऱ्या तंतूंना वरून वेष्टण असतं, चरबीचं. थोड्या थोड्या अंतरावर ते तुटलेलं असतं, तेवढीच जागा उघडी. वेष्टणाखाली दारं उघडत बसायची गरज नाही. निरोप एका उघड्या जागेवरून दुसऱ्या उघड्या जागेवर उडी मारतो."

त्यांनी एकाआड एक पोरांना खाली बसवलं आणि उभ्या राहिलेल्यांच्या हातात ओढण्यांची टोकं दिली. आता मनगट दाबायचं नाही, ओढणीला हिसका द्यायचा. 'पोचली' इतक्या लवकर ऐकू आलं की पोरांनी पुन्हा एकदा करायला लावलं.

"हे तर आमच्या हाळीवानी झालं," शिवकन्या म्हणाली.

ती बिरूची मुलगी. बिरूची मेंढरं होती आणि तो दिवसभर गावाबाहेरच्या माळावर असायचा. तिथं मोबाइलला रेंज नव्हती. घरून निरोप द्यायचा झाला तर गावाजवळच्या टेकावरून हाळी द्यायची. पहिल्या मेंढक्यानं ती ऐकायची आणि पुढच्या टेकावरच्याला तीच हाळी द्यायची. मधल्या ओघळीत, बाभळीत कुणी उभं राहत नसे. तिथून आवाज उडी मारूनच जायचा.

"अगदी तसंच," बाई म्हणाल्या. "चला, अजून एकदा."

त्यांनी ओढणीला हिसका दिला. अक्रम डोळे मिटून थांबला. कुणीतरी खोकलं. अक्रमनं एक डोळा उघडला.

"आलंच न्हाय, बाई."

"शिवकन्यापाशी अडलं," समृद्धी म्हणाली. "माझ्याकडनं तिच्याकडं गेलं हुतं."

"तुळजापूर चालून आली अन् झोप अजून उतरली न्हाय तिची," अक्रम म्हणाला. "आई राजा उदो उदो म्हणा म्हंजी जागी हुईल."

शिवकन्याही हसली. मग तिनं आपल्या हाताकडं बघितलं. ओढणीचं टोक तिच्या बोटांतून सुटून खाली पडलं होतं.

"मला हिसका कळला," ती म्हणाली. "म्या वढली बी. म्हंजी वढायचं मनात आणलं. बोटांनी वढलीच न्हाय."

बाईंनी तिला जवळ बोलावलं. ती भिंतीचा आधार घेत आली, पाऊल घासत. कोजागिरीला गावातली माणसं अनवाणी तुळजापूरला चालत गेली होती, आणि परतल्यापासून ती अशीच चालत होती. बाईंनी ते पाहिलं होतं, पण चालून आल्यावर सगळ्यांचेच पाय धरतात, तळव्यांना मुंग्या येतात. दरवर्षी गावात त्या आठवड्यात घरोघरी परातीत मिठाचं कोमट पाणी असतं. त्यात नवं काही नव्हतं.

पण समृद्धीही त्याच वाटेनं अनवाणी चालली होती, आणि आज ती अंगणात येण्याआधी लंगडी खेळून आली होती.

"मुंग्या अजून आहेत का गं तळव्यांना?"

"तळव्यांना आता कमी हायत. वर आल्यात." शिवकन्येनं पोटरीवरून हात गुडघ्यापर्यंत नेला. "अन् कालपासून बोटांत बी."

बाईंनी तिला ओट्यावर बसवलं, पाय लोंबते सोडायला लावले. हा प्रयोग पोरांच्या ओळखीचा होता. गुडघ्याच्या वाटीखाली तळहाताच्या कडेनं हलकेच मारलं की पाय आपोआप पुढं उडतो. मागं एकदा सगळ्यांनी एकमेकांना मारून बघितलं होतं, आणि शिवकन्येच्या पायानं अक्रमच्या हातातला पाण्याचा तांब्या उडवला होता.

बाईंनी मारलं. पाय लोंबत राहिला. त्यांनी दुसऱ्या पायाला मारलं. मग जागा नीट चाचपून पुन्हा पहिल्याला. पोरं हसायची थांबली होती.

"जोरात मारा, बाई," शिवकन्या म्हणाली. "लागत न्हाय मला."

बाईंनी हात मागं घेतला. "आज एवढंच," त्या पोरांना म्हणाल्या. "अक्रम, ओढण्या घडी करून ठेव. शिवकन्ये, माझ्या खांद्याला धर. आपण तुझ्या घरी जाऊ."

*

बिरूची आई हरणाबाई दारात लोकर पिंजत बसली होती. नातीला बाईंच्या खांद्यावर रेललेलं बघून ती उठली.

"काय झालं ओ बाई? पडली का काय?"

"पडली नाही. हरणाबाई, हिला आजच्या आज मोठ्या डॉक्टरकडं न्यायला पाहिजे."

"पाय दुखतेत तिचे. आवंदा पयल्यांदाच चालली न्हवं का." हरणाबाईनं नातीला भिंतीशी टेकून बसवलं. "तेल लावती रोज मी. परवा गावातल्या डाक्टरनं गोळ्या दिल्यात. थकवा हाय म्हनला."

"तेव्हा थकव्यासारखंच दिसलं असणार. त्यांची चूक नाही. पण थकवा उतरत जातो. हिचा वर चढतोय." बाई तिच्या शेजारी जमिनीवर बसल्या. "नवरात्रात हिला जुलाब झाले होते ना?"

"व्हय. घट बसले त्याच्या दुसऱ्या दिशी. लई झाले. पर ते बरं झालं की. म्हनून तर चालायला पाठवली."

बाई शिवकन्येकडं वळल्या. "बेटा, एक काम कर. मोठा श्वास घे आणि त्या एका श्वासात बाराखडी म्हण. क पासून. श्वास संपला की थांब."

"ही तर बालवाडीतली पोरं म्हनतेत."

"म्हण तर खरं."

तिनं म्हटली. कची झाली, खची झाली, गच्या मध्यावर ती थांबली आणि हसली. "संपला."

बाईंनी स्वतः मनातल्या मनात म्हणून बघितली. साठी ओलांडलेल्या त्यांच्या छातीत घची पूर्ण होऊन अजून श्वास उरला होता.

"बिरूला बोलवा," त्या म्हणाल्या.

हरणाबाईनं शेजारच्या पोराला टेकावर पाठवलं. थोड्या वेळानं हाळी ऐकू आली, लांबलेली, मग तिच्याही पलीकडून दुसरी, बारीक. तिसरी ऐकू आली नाही, पण ती गेली असणार, कारण ऊन कलायच्या आत बिरू आला. तोंड धुळीनं भरलेलं, खांद्यावर घोंगडं. तो बाईंच्या हाताखाली सातवीपर्यंत शिकला होता. अजूनही त्यांच्यासमोर आला की तो आधी डोक्यावरचा पटका नीट करायचा.

बाईंनी त्याला सगळं सांगितलं. तो खाली बघत ऐकत राहिला.

"सकाळी कळंबला नेतो," तो म्हणाला.

"आता ने."

"बाई, मेंढरं माळावरच सोडून आलोय. त्यांच्याभवती वाघरीची जाळी लावायची हाय. आजकाल लांडगं फिरत्यात तिकडं. सकाळी उजाडताच निघतो." त्यानं मुलीकडं बघितलं. ती पितळीतले शेंगदाणे खात होती, एकेक उचलायला वेळ लागत होता. "खातीय, बोलतीय. रातीत काय हुतंय?"

बाईंना त्याला सांगता आलं असतं. पण मुलगी ऐकत होती. त्यांनी बिरूला बाहेर नेलं आणि तिथं सांगितलं, की हे रातोरात छातीपर्यंत चढू शकतं. तो म्हणाला, "तुमी म्हनता ते खरं असंल. पर तिची आई गेली तवापासून ह्या घरात दवाखान्याचं नाव निघालं की म्हातारी जेवत न्हाय. सकाळपत्तुर थांबा. येवढंच."

बाई थांबल्या. त्यांनी आपल्या पुतण्याला, इरशादला, गाडी तयार ठेवायला सांगितलं. "इरशाद, फजर की नमाज होते ही निकलना है. डिझेल अभी डाल के रख," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. इरशादनं का म्हणून विचारलं नाही.

*

सकाळी हरणाबाईनं चहाची बशी नातीच्या ओठाला लावली. चहा आत गेला नाही. तो तिच्या नाकातून आला.

हरणाबाई ओरडली नाही. तिनं पदरानं मुलीचं तोंड पुसलं, बशी खाली ठेवली आणि म्हणाली, "बिरू, उचल तिला."

उभं राहायचा प्रश्नच नव्हता. बिरूनं तिला उचलून गाडीत मागच्या सीटवर ठेवलं, डोकं आपल्या मांडीवर. बाई पुढं बसल्या आणि पूर्ण वळून मागं बघत राहिल्या. निघताना हरणाबाईनं मुलीच्या कपाळाला भंडारा लावला आणि बिरूला सांगितलं, की कळंबच्या पुढं जावंच लागलं तर वाटेत तुळजापूर लागतं, आईच्या पायावर घालूनच पुढं जा.

कळंबच्या डॉक्टरनं गुडघ्यावर, कोपरावर, घोट्यावर हातोडी मारून बघितली. सगळीकडं तेच. त्यानं मुलीला मान उशीवरून उचलायला सांगितली. मान थोडी हलली आणि परत टेकली.

"इथं थांबू नका," तो बिरूला म्हणाला. "सरळ सोलापूर. मी तिथं फोन करतो. वाटेत तिला काही खायला-प्यायला देऊ नका, पाणीसुद्धा नाही."

इरशाद एरवी गाडी चालवताना बडबड करायचा, त्याच्या गाडीत बसायचं तर कान घरी ठेवून यावं असं गावात म्हणत. आज तो गप्प होता. धाराशिव मागं पडलं. रस्त्याच्या दोन्ही कडांना सोयाबीनचे ढीग झाकून ठेवले होते, ऊन चांगलंच वर आलं होतं, आणि सगळं नेहमीसारखं चाललेलं होतं.

"शिवकन्ये," बाई म्हणाल्या, "बाराखडी."

"क का कि की..." तिचा आवाज नाकातून येत होता, कुणीतरी दुसरंच बोलत असल्यासारखा. कची झाली. "ख खा खि..." तिथं तो संपला.

बिरूनं मान वर केली. काल त्यानं ऐकलं नव्हतं, पण आता त्याला कळलं की बाई काय मोजत होत्या.

तुळजापूरच्या अलीकडं गर्दी लागली. देवीला आलेल्या गाड्या, कवड्यांच्या माळा विकणारे, कुंकवाचे ढीग. इरशादनं गाडी हळू केली आणि आरशातून बिरूकडं बघितलं. "मामा, थांबायचं का? आजी बोलल्या होत्या."

बिरूनं मंदिराच्या दिशेला बघितलं. इथपर्यंत पोरगी आपल्या पायानं आली होती, त्याला अजून पंधरवडाही झाला नव्हता. त्यानं एक हात छातीला लावला. दुसरा मुलीच्या डोक्याखाली होता, तो काढला नाही.

"शिवे," तो म्हणाला, "बाराखडी म्हण."

"क का कि," ती म्हणाली.

बिरू थांबून राहिला, पुढचं अक्षर येईल म्हणून. मुलगी त्याच्याकडं बघत होती. श्वास घेऊन तिनं पुन्हा तोंड उघडलं आणि मिटलं.

"चल," बिरू इरशादला म्हणाला. "थांबू नको कुठंच."

*

सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात त्यांची वाट बघितली जात होती. कॉट आली, मुलीला आत नेलं. बाई आणि बिरू भिंतीशी उभे राहिले. बऱ्याच वेळानं एक तरुण डॉक्टरीण बाहेर आली. तिचे डोळे थकलेले होते, पण बोलणं नीट आणि सावकाश होतं.

"नसांचा आजार आहे. तो आवरायला इंजेक्शन सुरू करतोय, पण ते काम करायला दिवस लागतात. तिच्या श्वासाचे स्नायू आत्ताच थकलेत. घशात नळी घालून मशीन लावावं लागेल. तुम्ही हो म्हणा."

"न्हाय," बिरू म्हणाला.

डॉक्टरीण थांबली.

"मशीन न्हाय लावायचं. बाकी काय करायचं ते करा."

"दादा, मशीन नाही लावलं तर संध्याकाळपर्यंत..."

"तिच्या आईला लावलं हुतं." बिरूचा आवाज चढला नाही. "करोनात. मला बी हेच म्हनले हुते, हो म्हना. म्या हो म्हनलो. मी भाईर फरशीवर बसलो हुतो. तिला आत नेताना बघितलं, मग पिशवीत बघितलं. मधलं काय बघितलं न्हाय. मशीन लावल्यालं मानूस परत आल्यालं म्या कुठं बी बघितलं न्हाय, म्याडम. पोरगी आमी घरी नेतो. आईच्या पायावर घालतो, मग जे व्हायचं ते हुईल."

डॉक्टरणीनं बाईंकडं बघितलं. आतून कुणीतरी तिला हाक मारली. "फार वेळ नाही," एवढं म्हणून ती आत गेली.

बाई बिरूच्या शेजारी उभ्या राहिल्या. त्याला समजवायला माणसं काय बोलतात ते त्यांना माहीत होतं: घाबरू नको, सगळं ठीक होईल, डॉक्टरांवर विश्वास ठेव. त्यातलं त्या काहीही बोलल्या नाहीत.

"तिच्या आईची छाती आजारी होती, बिरू. फुप्फुसंच भरून आली होती. शिवकन्येची छाती चांगली आहे."

"मग दम का पुरंना?"

"काल तुझ्या आईनं तुला बोलावलं. हाळी कशी आली?"

बिरूनं त्यांच्याकडं बघितलं, ही वेळ आहे का असं विचारल्यासारखं. पण वर्गातली सवय जुनी होती. "टेकावरनं आली. मधल्या टेकावरच्या सोमानं ऐकली, त्यानं मला दिली."

"समज, तुझी आई टेकावर उभी आहे, ओरडतेय. तूही माळावर आहेस, धडधाकट. पण मधली माणसं उभी आहेत आणि त्यांचे कान बंद झालेत. काय होईल?"

"मला कळनार न्हाय."

"तू बसून राहशील. तुला काही झालं नाही, तुझ्या आईला काही झालं नाही. फक्त हाळी मधे अडली." बाई हळू बोलत होत्या, फळ्यापाशी बोलायच्या तशा. "तिचा मेंदू सांगतोय, श्वास घे. छातीही श्वास ओढायला तयार आहे. मधल्या नसांवरचं वेष्टण गेलंय. जुलाबाच्या जंतूंशी लढायला तिच्या अंगानं जे तयार केलं, ते चुकून तिच्याच नसांवर उठलं. आधी पायाच्या नसा, कारण त्या सगळ्यात लांब. मग हात. आता छाती. निरोप निघतोय, पण पोचत नाही."

"अन् मशीन?"

"मशीन हाळी दुरुस्त करत नाही. ते फक्त छातीचं काम बाहेरून करतं, भात्यासारखं, मधल्या माणसांचे कान उघडेपर्यंत. वेष्टण पुन्हा येतं. हळू येतं, महिनेही लागतात."

"येतंच?"

समोरच्या भिंतीवर पानाच्या पिचकाऱ्या होत्या, त्यावर चुना फिरवलेला होता, आणि चुन्यावर पुन्हा पिचकाऱ्या.

"पुष्कळांचं येतं. सगळ्यांचं नाही. मशीनवर असताना काहींना न्यूमोनिया होतो, काहींचं हृदय अडखळतं. मी तुला खोटं सांगणार नाही. पण मशीन नाही लावलं, तर काय होणार ते तू गाडीत ऐकलंस."

बिरूनं पटका काढला, हातात धरला. "तिला समजतंय का समदं?"

"समदं. तिच्या डोक्याला काही झालेलं नाही. तीही ऐकतेय, फक्त सांगू शकत नाही."

तो आत गेला. कुणी अडवलं नाही. बाई दारापर्यंत गेल्या आणि तिथं थांबल्या.

शिवकन्या उशांना टेकवून बसवली होती. चेहरा गुळगुळीत झाला होता, त्यावर भीतीही दिसत नव्हती, कारण भीती दाखवायलाही चेहऱ्याला हलावं लागतं. श्वास वरवरचा, मानेतून ओढलेला. डोळे मात्र बापाला दारातून आत येताना बघत होते आणि त्याच्याबरोबर सरकत होते.

बिरू कॉटपाशी वाकला. तो काय बोलला ते बाईंना पूर्ण ऐकू आलं नाही. मधेच 'तुझी आई' असं ऐकू आलं. मग तो सरळ झाला आणि जरा मोठ्यानं म्हणाला, "म्या एकल्यानं सांगनार न्हाय. तू सांग. लावायचं असंल तर वर बघ. घरी जायचं असंल तर खाली बघ."

मुलीचे डोळे त्याच्या तोंडावर थांबून राहिले. खोलीतलं कुठलंतरी यंत्र टिकटिकत होतं. डॉक्टरीण हातात नळी घेऊन उभी होती आणि ती बिरूकडं नाही, मुलीच्या मानेकडं बघत होती, तिथल्या खळीकडं, जी प्रत्येक श्वासाला खोल जात होती.

डोळे वर गेले. छताकडं. तिथंच राहिले, त्यानं चुकून बघितलं नसेल तर दिसावं म्हणून.

"लावा," बिरू म्हणाला.

*

दिवस कलला तेव्हा त्यांना काचेतून बघू दिलं. शिवकन्या झोपवलेली होती. तोंडातून नळी निघून यंत्राकडं गेली होती, आणि तिची छाती वर येत होती, खाली जात होती. प्रत्येक वेळी तेवढीच वर, तेवढीच खाली.

बिरू बराच वेळ बघत राहिला.

"लहान हुती तवा झोपेत मधीच दम रोखायची," तो म्हणाला. "मग एकदम मोठा घ्यायची. हिची आई घाबरायची, उठून बघायची." त्यानं काचेला बोट लावलं. "ह्यो तिचा न्हाय."

"नाही."

"तिचा कवा सुरू हुईल?"

डॉक्टरणीनं बाईंना बाजूला घेऊन सांगितलं होतं की आजार अजून वाढतोच आहे, काही दिवस ताकद कमीच होत जाईल, पापण्याही मिटायच्या राहतील कदाचित, त्यासाठी तयार राहा. बाईंनी बिरूला ते सांगितलं, शब्द न बदलता. त्यानं ऐकून मान हलवली.

इरशाद चहा घेऊन आला. बाकावर जागा होती. बाईंचे पाय दुखत होते, त्या बसल्या, आणि बिरूलाही बसायला सांगितलं. गार्डनंही सांगितलं, इथं उभं राहू नका, वाट अडते.

"मागच्या बारीला मी बसलो हुतो," बिरू म्हणाला. तो काचेच्या कडेला सरकला, गार्डला जायला वाट दिली आणि तिथंच उभा राहिला. चहा त्याच्या हातात तसाच होता. आत छाती वर आली, खाली गेली. त्यानं घोंगडं खांद्यावरून काढून पायाशी ठेवलं, जसं माळावर लांबचा मुक्काम असला की ठेवतात.